सुताराचे यंत्र आणि सुताराचा हात

सुताराच्या कामशाळेत आपण केव्हा ना केव्हा गेलेले असता. घराच्या दाराला नवी चौकट बसवावयाची असते, मुलाच्या टेबलाचा पाय मोडलेला असतो, किंवा देवघरासाठी एखादी फळी हवी असते. दाराशी भुशाचा ढीग असतो, भिंतीला सागवानाच्या आणि फणसाच्या फळ्या टेकून ठेवलेल्या असतात, खुंट्यांवर करवती लटकत असतात. आणि मधोमध एक ओबडधोबड टेबल असते. त्याच्या पाठीला पाडलेल्या चिरेतून गोल करवतीचे दात वर आलेले दिसतात. खाली वाकून पाहिले तर एखाद्या पिठाच्या गिरणीतून किंवा पाण्याच्या पंपावरून उतरविलेली जुनी मोटर, दोन पुल्या आणि एक पट्टा, एवढाच सारा संसार असतो. ह्या यंत्रावर कोणत्याही कारखान्याचे नाव नसते. ते सुताराने स्वतःच घडविलेले असते.

अशा यंत्राकडे आपण गरजेपोटी केलेली तडजोड म्हणून पाहतो. विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून घरी केले, असा आपला समज असतो. परंतु यंत्रांचा इतिहास चाळला म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते. लाकूडकामाची यंत्रे प्रथम लाकूडकाम करणाऱ्यांनीच घडविली. ती विकणारे कारखाने मागाहून आले. तेव्हा आपल्या गल्लीतला सुतार एका फार जुन्या घराण्याचा वारस आहे. त्या घराण्याची हकीकत मी आज सांगणार आहे, आणि त्या ओघात एक प्रश्नही मांडणार आहे: ह्या वारशात मिळालेली एक मोलाची वस्तू वाटेत कोठे हरवली?

सर्वांत जुने लाकूडकामाचे यंत्र म्हणजे कातकामाचा चरक, ज्याला आज आपण लेथ म्हणतो. लाकडाचा तुकडा दोन टोकांच्या मध्ये धरावयाचा, तो गरगर फिरवावयाचा आणि फिरत असताना त्याला पटाशी लावावयाची, एवढेच त्याचे तत्त्व. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या धर्माधिकाऱ्याची कबर आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांची. तिच्या भिंतीवर असा चरक चालविणारी दोन माणसे कोरलेली आहेत. एकजण लाकडाभोवती गुंडाळलेली दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढतो आणि दुसरा हत्यार धरतो. आपल्याकडील कातारीही पिढ्यान् पिढ्या असेच काम करीत आला. सावंतवाडीची लाखेची रंगीत खेळणी आपल्या परिचयाची आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकविली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर एकसारखी पसरते. रंगाचे ते झिलईदार कवच हे चरकाचेच देणे होय.

युरोपातील कातारी मध्ययुगात एक पाऊल पुढे गेला, आणि हे पाऊल अक्षरशः पायाचेच होते. त्याने दोरीचे एक टोक छताजवळ बसविलेल्या लवचिक काठीला बांधले, मधला भाग लाकडाभोवती गुंडाळला आणि खालचे टोक पायाखालच्या फळीला जोडले. पाय दाबला की लाकूड त्याच्याकडे फिरे. पाय सोडला की काठी दोरी परत वर ओढी आणि लाकूड उलट फिरे. कापावयाचे ते पाय दाबतानाच, म्हणून निम्मा वेळ फुकट जाई. पण मदतनिसाची गरज संपली आणि दोन्ही हात हत्याराला मोकळे झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंची याने एका चरकाचे रेखाचित्र काढले. त्यात पायाची फळी, वाकडा दांडा आणि जड चाक यांची जोडणी आहे. चाक एकदा वेगात आले म्हणजे पाय वर जात असतानाही ते फिरतच राहते. लाकूड आता एकाच दिशेने अखंड फिरू लागले.

हे चरक कोणी विकत घेत नसत. त्याचा सांगाडा, उभे खांब, पायाची फळी, सारे लाकडाचे. ते कातारी स्वतः करी. लोखंडाची दोन टोके तेवढी लोहाराकडून घडवून आणी. अशा यंत्रांची विद्या तोंडातोंडी, बापाकडून मुलाकडे जात असे. ती ग्रंथात आणली एका धर्मबंधूने. त्याचे नाव शार्ल प्लुमिए. तो फ्रान्सच्या मार्सेय शहरात १६४६ मध्ये जन्मला आणि मिनिम नावाच्या अत्यंत कडक व्रताच्या ख्रिस्ती संघात दाखल झाला. १७०१ मध्ये लियॉं येथे त्याचा कातकामावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मजकूर लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत होता. ह्यात वस्तू कशी कातावी एवढेच नाही, चरक कसा बांधावा हेही चित्रांसह सांगितले होते. घरी यंत्र घडवू पाहणाऱ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांचा हा एक आद्य पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

ह्या प्लुमिएची आणि आपली आणखी एक ओळख आहे. तो मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि वनस्पतींच्या शोधात त्याने वेस्ट इंडीज बेटांचे तीन प्रवास केले. आपण ज्याला खुरचाफा म्हणतो, जो देवळाच्या अंगणात आणि आमच्या चर्चच्या दफनभूमीत सारख्याच मायेने फुले ढाळतो, त्या झाडाच्या कुळाचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे ह्याच प्लुमिएच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. चाफ्याखाली उभे राहताना ह्या कातारी साधूची आठवण करावी अशी ही गोष्ट आहे.

आता चरकाकडून करवतीकडे वळू. फिरती, गोल करवत ही कल्पना अठराव्या शतकातली. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने १७७७ मध्ये जे पेटंट घेतले त्यात अशा करवतीचा उल्लेख आहे. अमेरिकेत शेकर नावाच्या पंथात निराळी कथा सांगितली जाते. टॅबिथा बॅबिट नावाची एक भगिनी दोन माणसांना लांब करवत ओढताना पाहत होती. करवत पुढे जाताना कापते आणि मागे येताना श्रम वाया जातात, हे तिने हेरले. मग एका चकतीला दात पाडून ती तिने आपल्या सूत कातण्याच्या चरख्यावर बसविली. ही कथा १८१३ च्या सुमाराची. संशोधकांना तिच्या खरेपणाविषयी शंका आहे, आणि मिलरचे पेटंट तर तिच्या आधीचेच आहे. तथापि कथा म्हणून ती अर्थपूर्ण आहे. हाताशी असलेल्या चरख्यातून करवत उभी करणे, ही घरगुती यंत्र घडविणाऱ्याची रीतच होय.

ह्याच सुमारास इंग्लंडमध्ये एका घरातील कामशाळेतून फार मोठे परिवर्तन निघाले. सॅम्युएल बेंथम हा प्रसिद्ध विचारवंत जेरेमी बेंथम याचा भाऊ. लंडनमध्ये जेरेमीच्या घरी त्याने लाकूडकामाची यंत्रे उभारून पाहिली आणि १७९१ व १७९३ मध्ये पेटंटे घेतली. रंधा मारणे, खाचा पाडणे, भोके पाडणे, गोल करवतीने कापणे, ह्या साऱ्या कामांचा त्यांत समावेश होता. ह्या यंत्रांवर काम कोणी करावयाचे? तर जेरेमीच्या योजनेतील आदर्श तुरुंगामधल्या कैद्यांनी, ज्यांना सुतारकाम येत नाही अशांनी! कारागिराने आजवर जे यंत्र घडविले ते स्वतःच्या कौशल्याला जोड म्हणून. बेंथमने ते घडविले ते कौशल्यावाचून काम चालावे म्हणून. येथे दोन वाटा फुटल्या.

दुसरी वाट राजमार्ग ठरली. बेंथम पुढे ब्रिटिश आरमाराच्या बांधकाम खात्याचा प्रमुख झाला आणि त्याच्याच काळात पोर्ट्समथच्या गोदीत लाकडी कप्प्या करणारा प्रसिद्ध कारखाना निघाला. शिडांच्या एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे एक हजार कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल ह्या फ्रान्समधून आलेल्या स्थापत्यविशारदाने यंत्रांची आखणी केली आणि हेन्री मॉड्स्ले ह्या अद्वितीय कारागिराने १८०२ ते १८०६ ह्या काळात ती लोखंडात घडविली. सुमारे ४५ यंत्रे, वाफेचे बळ, आणि पूर्वी ११० माणसे करीत त्या कामाला आता १० पुरेशी. १८०८ मध्ये ह्या कारखान्यातून सुमारे १,३०,००० कप्प्या बाहेर पडल्या. लाकूडकामाचे यंत्र लोखंडाचे झाले, वाफेवर चालू लागले आणि सुताराच्या आवाक्याबाहेर गेले.

मग छोट्या सुताराने काय करावे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे बार्न्स बंधूंनी पायाने चालविण्याची लाकूडकामाची यंत्रे विकावयास आरंभ केला. गोल करवत, नक्षीची करवत, खाच पाडण्याचे यंत्र, सारे सायकलसारखे पायांनी फिरवावयाचे. ज्याच्याकडे वाफेचे इंजिन नाही त्याने मोठ्या कारखान्याशी टक्कर द्यावी, असा त्यांचा उद्देश होता. ही यंत्रे कित्येक दशके खपली.

येथे क्षणभर थांबून एक साधा हिशेब करू. धडधाकट माणूस काही तास सलग जे बळ देऊ शकतो ते सुमारे ७५ वॅट भरते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे पायाच्या करवतीमागे अश्वशक्तीचा फक्त दहावा हिस्सा असतो. लाकडात गाठ आली की पायाला ती जाणवते. पाते अडकले की पाय अडकतो. माणूस दचकला की पाय आपोआप थांबतो, आणि पाय थांबला की यंत्र थोड्याच वेळात निमूट उभे राहते. पेटोसिरिसच्या कबरीतील दोरी ओढणाऱ्यापासून बार्न्स बंधूंच्या करवतीपर्यंत यंत्राला जे बळ मिळाले ते माणसाच्या अंगातून मिळाले, आणि म्हणूनच त्याचा लगामही माणसाच्या अंगातच होता. हा लगाम कोणी मुद्दाम बसविलेला नव्हता. तो असतो हेही कोणाच्या ध्यानात आलेले नव्हते.

मग वीज आली. निकोला टेस्ला याच्या प्रवर्तन मोटरीची पेटंटे १८८८ मध्ये मंजूर झाली. ह्या मोटरीत घासून झिजणारे ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत. एक गुंडाळी आणि एक फिरता गाभा. अशी मोटर धूळ-भुशाच्या जागीही वर्षानुवर्षे चालते. पुढे तिची लहान भावंडे घराघरांत शिरली. नेमक्या ह्याच काळात हौशी कारागिरांसाठी नियतकालिके निघाली होती. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल याने १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनियर’ सुरू केले; शिकागोमध्ये १९०२ मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ निघाले. त्यांच्या पानांतून घरच्या घरी लेथ, करवत, रंधायंत्र कसे बांधावे ह्याचे नकाशे येऊ लागले. १९२९ नंतरच्या मंदीत तर अमेरिकेतील कित्येक घरांच्या तळघरांत कपडे धुण्याच्या जुन्या यंत्राची मोटर, मोडक्या मोटारगाडीचे भाग आणि पाण्याचे नळ ह्यांतून कामशाळा उभ्या राहिल्या. राजमार्गापासून फुटलेली ती जुनी पायवाट पुन्हा वाहती झाली.

अशा घरगुती यंत्राची घडण पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. सांगाडा, टेबल, आधारपट्टी, पुलीसुद्धा लाकडाची करता येते. तीन वस्तू मात्र घरी होत नाहीत: पोलादी पाते, बॉल-बेअरिंग आणि मोटर. पोलादाचे महत्त्व किती, ते पट्टा-करवतीच्या इतिहासावरून दिसते. दोन चाकांवरून धावणाऱ्या दातेरी पट्ट्याची ही कल्पना इंग्लंडच्या विल्यम न्यूबेरी याने १८०८ मध्येच नोंदविली होती. पण पट्टा सांध्यावर तुटे, म्हणून ती पडून राहिली. १८४६ मध्ये क्रेपँ नावाच्या फ्रेंच बाईने सांधा जोडण्याची चांगली रीत काढली आणि मग ती करवत बाजारात आली. आज हौशी लोक पट्टा-करवतीची चाकेसुद्धा प्लायवुडची करतात; पट्टा मात्र विकतच आणावा लागतो.

ह्या तीन वस्तूंची आपल्या भागातील कथा सांगावयाची तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घ्यावे लागते. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ चा धरला जातो, आणि तो झाला बेळगावातील सायकलींच्या दुकानाने. बॉल-बेअरिंग ही वस्तू लहान गावांतील कारागिरांच्या नजरेस पडली ती बहुधा सायकलीच्याच चाकात. पुढे लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. १९४१ मध्ये हरिहर येथे ह्या घराण्याचा लेथचा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटरींचा. बेळगावातील किर्लोस्कर रोडवरून जाताना लक्षात ठेवावे की एक शिक्षक सायकलीच्या सुट्या भागांतून यंत्रविद्येकडे गेला. एका अर्थी तेही घरगुती यंत्र घडविणाऱ्यांपैकीच होते. त्यांचे घर तेवढे फार मोठे झाले.

सुताराच्या हाती मोटर आली तेव्हा काय बदलले? पुन्हा आकडेच पाहू. आपल्या विजेवर चालणाऱ्या एका नेहमीच्या मोटरीचा वेग मिनिटाला सुमारे १,४४० फेरे असतो. पुल्यांच्या जोडीने तो दुप्पट केला की २,८८० होतो. करवतीच्या चकतीचा व्यास २५० मिलिमीटर असेल तर तिचा दात ताशी सुमारे १३६ किलोमीटर वेगाने धावतो. संकट दिसल्यापासून हात मागे घेण्यास माणसाला निदान सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात चकतीचे नऊ फेरे पुरे झालेले असतात. आणि मागे बळ आहे ते दहा माणसांचे. ह्या दहा माणसांना गाठ जाणवत नाही, ती दचकत नाहीत आणि कोणी ओरडले तर ऐकत नाहीत.

वारशातील हरवलेली वस्तू ती हीच. यंत्र पायाचे मोटरीवर गेले, त्याबरोबर अंगातला लगाम गेला. तो पुन्हा बाहेरून बसवावयास हवा होता. पण जो लगाम होता हेच कोणास ठाऊक नव्हते, त्याची उणीव कोणास भासावी? नियतकालिकांतील चित्रांनीही ह्यात भर घातली. पाते वाचकाला नीट दिसावे म्हणून आवरण काढून छायाचित्र घ्यावयाचे, ही तिकडची जुनी पद्धत. चित्र पाहून यंत्र बांधणाऱ्याने आवरणाशिवायच यंत्र बांधले तर त्याला दोष कसा द्यावा?

मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत कायदा आणि शास्त्र हळूहळू जागे झाले. रंधायंत्रात पूर्वी चौकोनी ठोकळ्यावर पाती बसवीत. तो फिरू लागला की ठोकळा व टेबल ह्यांच्यामधील मोठी फट बोटे आत ओढून घेई. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात त्याच्या जागी गोल दंड आला, फट अरुंद झाली, आणि जेथे पंजा जाई तेथे जखम बोटाच्या टोकापुरती राहिली. ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी खास नियम झाले. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्रांचे धोकादायक भाग झाकणे बंधनकारक केले. परंतु हा कायदा मूळात जेथे विजेवर काम चालते आणि दहा किंवा अधिक कामगार आहेत अशा जागांसाठी होता. बाप, मुलगा आणि एक शिकाऊ पोरगा अशा तिघांच्या कामशाळेच्या दारापर्यंत तो पोहोचलाच नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील असे सुतार आहेत. शाळेचे बाक दुरुस्त करावयास ते येत आणि मुले त्यांच्याभोवती गोळा होत. त्यांनी बांधलेली करवत पाहावयास मी मुलांना एकदा घेऊन गेलो होतो. दसऱ्याचे दिवस होते. यंत्राला झेंडूचा हार घातलेला, पात्याला हळदकुंकू लावलेले. आवरण कोठे आहे, असे मी विचारले. त्यांनी भिंतीकडे बोट दाखविले. पत्र्याचे एक नीटस आवरण खिळ्याला टांगलेले होते. “केलंय सर, पण ते लावलं की रेघ दिसत नाही. काम अडतं,” ते म्हणाले. मी मान डोलाविली आणि मुलांना पुल्यांचे गणित समजावू लागलो. त्या दिवशी मी गणिताऐवजी त्या खिळ्याविषयी बोलावयास हवे होते, असे मला पुढे वाटत राहिले. चार महिन्यांनी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

कारण फार साधे होते. फळी चिरत असताना कापलेले दोन भाग आतल्या ताणामुळे पुन्हा जवळ येतात आणि पात्याच्या मागच्या अंगाला चिमटीत धरतात. मागचे दात खालून वर येत असतात. ते फळीला उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. फळी उडते, तिच्यावर ठेवलेला हात निसटतो, आणि निसटून तो जातो नेमका पात्यावर. ह्यावर उपाय आहे तो पात्याच्या मागे, त्याच्या अगदी लगत, पोलादाची एक स्थिर पट्टी बसविण्याचा. ती पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा किंचित पातळ असावी लागते. कापलेले भाग तिच्यामुळे मिटतच नाहीत. ब्रिटनच्या त्या १९२२ च्या नियमांत ही पट्टी आवश्यक ठरविलेली होती.

आता गंमत पाहा. ओंडका खड्ड्यावर ठेवून एकजण वर आणि एकजण खाली अशी मोठी करवत ओढणारे जुने लाकूडकापे चीर मिटू नये म्हणून तिच्यात पाचर ठोकीत असत. हे काही कोणी शाळेत शिकविले नव्हते. करवत अडकली की हाताला कळे, आणि हाताला कळले की पाचर आठवे. पात्यामागची पोलादी पट्टी म्हणजे तीच पाचर, यंत्राच्या वेगाने चालणारी. जी गोष्ट आजोबांना ठाऊक होती ती नातवाला मोटरीच्या आवाजात ऐकू आली नाही, इतकेच.

ह्या इतिहासाचे सर्वांत अलीकडचे एक पान पुन्हा एका हौशी माणसाने लिहिले आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील स्टीव्ह गॅस हा पदार्थविज्ञानाचा डॉक्टर आणि पेटंटांचा वकील. लाकूडकाम हा त्याचा छंद. बोटाचा स्पर्श होताच करवत थांबविता येईल काय, हा विचार १९९९ मध्ये त्याच्या मनात आला. माणसाचे अंग वीज वाहून नेते, लाकूड जवळजवळ नेत नाही. पात्यात एक अतिशय क्षीण विद्युतसंकेत खेळता ठेवला आणि बोट लागले, तर तो संकेत तत्काळ बदलतो. तो बदलताच एक स्प्रिंग ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसविते. पाते सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शाच्या आत थांबते. गॅसने हे साधन आपल्याच कामशाळेत करून पाहिले. आधी त्याने मांसाची सुरळी पात्यावर सरकविली, आणि अखेर स्वतःचे बोट. बोट शाबूत राहिले. मोठे कारखानदार त्याची कल्पना घेईनात, म्हणून त्याने साथीदारांसह स्वतःच करवती काढल्या. त्या २००४ पासून बाजारात आल्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पायाबरोबर गेलेला लगाम असा विजेच्या रूपाने परत आला.

ही करवत महाग आहे. आपल्या गल्लीतील सुतार ती उद्या विकत आणील असे मी म्हणणार नाही. परंतु पात्यामागची पट्टी जुन्या करवतीच्या तुकड्यातून होते. वरचे आवरण बिजागरीवर बसविले तर ते लाकडाबरोबर वर उचलले जाते आणि लाकूड सरकताच खाली येते. फळीच्या शेवटच्या टोकाला बोटाने न ढकलता खाच पाडलेल्या काठीने ढकलावे. ती काठी टाकाऊ लाकडाची होते. बंद करावयाचे बटण हात गुंतलेले असताना गुडघ्याने दाबता येईल अशा जागी असावे. मोटरीच्या सांगाड्याला जमिनीची तार जोडलेली असावी. ज्याने सबंध यंत्र स्वतः घडविले त्याला ह्यातले काहीच कठीण नाही. किंबहुना विकतचे यंत्र वापरणाऱ्यापेक्षा ते त्यालाच अधिक सोपे आहे, कारण यंत्राचा प्रत्येक खिळा त्याच्या ओळखीचा असतो.

संत जोसेफ हे सुतार होते, आणि १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकरी जोसेफांचा सण म्हणून नेमून दिला. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. दोन्हींचा भाव एकच: हत्यार पवित्र आहे, कारण ते माणसाच्या हाताचे सोबती आहे. मग ज्या हातासाठी हत्यार पूजावयाचे, तो हात राखण्याचे साधन त्याच पूजेचा भाग का असू नये?

माझ्या विद्यार्थ्याचे वडील पाच महिन्यांनी पुन्हा कामाला लागले. गेल्या दसऱ्याला मी त्यांच्याकडे गेलो. करवत तीच, मोटर तीच. पात्यामागे पोलादाची पट्टी आहे आणि वर बिजागरीचे आवरण आहे. समोरून त्याला काचेची खिडकी केली आहे, म्हणजे रेघ दिसते. “मेस्त्री, आता काम अडत नाही ना?” मी विचारले. ते हसले आणि म्हणाले, “सर, सवय झाली.” भिंतीतला तो खिळा अजून आहे. त्यावर आता ते सदरा टांगतात.